‘बीपीए फ्री’ आहे, पण मग आत आहे काय?

बॅगेतली पाण्याची बाटली जरा उलटी करून बघा. ‘बीपीए फ्री’ लिहिलंय? मस्त! आपण निर्धास्त होतो. पण बीपीए काढून त्याच्या जागी काय घातलं, हे कुणी विचारत नाही. खरी गोची तिथेच आहे.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. टणक पारदर्शक प्लास्टिक, खाद्यपदार्थांच्या डब्यांचं आतलं कोटिंग, दुकानातल्या पावत्यांचा कागद, सगळीकडे हा पठ्ठ्या वापरला गेला. तो इस्ट्रोजेन या हार्मोनची नक्कल करतो, हे १९३६ मध्येच प्रयोगात दिसलं होतं. तरीही तो प्लास्टिकमध्ये आलाच. युरोपियन युनियनने बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये त्यावर बंदी घातली ती थेट २०११ मध्ये.

मग पावत्यांच्या कागदात बिस्फेनॉल-एस आलं. नावातलं एक अक्षर बदललं, पण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तेही हार्मोनची नक्कल करताना सापडलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

असं का झालं? हार्मोन ही किल्ली आणि पेशीतला रिसेप्टर हे कुलूप समजा. बीपीएच्या दोन्ही टोकांना कार्बनचं कडं आणि त्यावर ‘ओएच’ गट असतो. हीच टोकं कुलपात बसतात. बीपीएसमध्ये फक्त मधला सांधा बदलला, टोकं तशीच राहिली.

डब्यांच्या कोटिंगसाठी अमेरिकेतल्या वॅल्स्पार कंपनीने मात्र वेगळा रेणू निवडला, टीएमबीपीएफ. त्यात ‘ओएच’च्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट आहेत. किल्लीला अशा गाठी आल्या की ती कुलपात नीट शिरत नाही. बीपीएच्या धोक्यांवर वर्षानुवर्षं बोलणाऱ्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनीही तो तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत इस्ट्रोजेनसारखा परिणाम आढळला नाही. म्हणून तो शंभर टक्के सुरक्षित ठरला असं नाही, शरीरात इतरही कुलपं आहेतच. पण प्रश्न आधी विचारला गेला, हे महत्त्वाचं.

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ग्रीन केमिस्ट्रीच्या बारा तत्त्वांपैकी चौथं हेच सांगतं: रसायनाने काम चोख करावं, पण विषारीपणा कमीत कमी असावा.

तर सायन्सवाल्यांनो, प्रॅक्टिकलला यील्ड किती आलं हे जर्नलमध्ये लिहिताच. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: ‘हे कुणाच्या शरीरात गेलं तर?’ आणि आपण बाकीचे? ‘फ्री’ वाचून खूश होण्याआधी ‘मग आत काय?’ एवढं तरी विचारूच शकतो.