कुपन आणि शिधापत्रिका



वणीच्या बाजारात साबण, चहा, तेल घ्यायला गेले की सवलतीचे कुपन पुढे येते. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीच्या काळासाठी. आम्हांस वाटते, कुपन बहुधा या चौथ्या भागालाच हात घालते. समजा, किलोभर साबणचुरा 110 रुपयांना असून कुपनावर 10 रुपये सुटतात. शेजारचा अर्धा किलो 45 रुपयांना मिळतो. म्हणजे कुपनाचा माल किलोमागे 10 रुपयांनी महागच पडला! म्हणून आधी किलोचा भाव काढावा, आणि यादीत असलेल्या वस्तूचेच कुपन वापरावे.

आपले खरे कुपन शिधापत्रिका हेच होय. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळते. वर्षाचे 60 किलो झाले. नव्या सुनेचे वा बाळाचे नाव पत्रिकेत नसेल तर तेवढे धान्य बुडते. दहा रुपयांच्या कुपनासाठी आपण चार दुकाने फिरतो, नावासाठी मात्र वर्षे जाऊ देतो. अर्ज दिंडोरीच्या तहसील कार्यालयात, पुरवठा शाखेत द्यावा. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी केल्याचा दाखला सोबत न्यावा. आणि धान्य घेताना यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी.