अहमदाबादचे दार उघडले. अर्ज कोण करणार?

अक्कलकुव्याहून मुंबईपेक्षा अहमदाबाद जवळ आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग गावातूनच जातो. ऊसतोडीला, बांधकामाला, सुरतेच्या कारखान्यांत मजुरीला आमची माणसे वर्षानुवर्षे गुजरातेत जातात. मात्र अहमदाबादेत १९६१ साली उभ्या राहिलेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे आयआयएममध्ये, पीएच.डी.साठी या तालुक्यातून कुणी अर्ज केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

याचा दोष पोरांच्या माथी मारणे सोपे आहे. पण इतिहास काय सांगतो? या संस्थेचा डॉक्टरेट दर्जाचा अभ्यासक्रम १९७१ साली सुरू झाला. त्याच्या प्रवेशात आरक्षण यायला २०२५ साल उजाडले. चौपन्न वर्षे! या काळात कायदा नव्हता काय? होता. केंद्रीय शिक्षण संस्थांतील प्रवेश आरक्षणाचा कायदा २००६ सालचा आहे. अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये तो वैध ठरवला. त्यानुसार एम.बी.ए.च्या तोडीच्या वर्गांत आरक्षण आले, डॉक्टरेटच्या दारावर मात्र कुलूप तसेच राहिले. फार उच्च विशेषज्ञतेच्या अभ्यासक्रमांना वगळण्याची एक फट कायद्यात आहे, हे खरे. पण ती केंद्र सरकारने नमूद केलेल्या अभ्यासक्रमांपुरती. संस्थेने आपल्या मर्जीने त्या फटीचा दरवाजा करावा, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे वाचू शकतो.

हे कुलूप आपोआप उघडलेले नाही. आयआयएमच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी माहिती अधिकारात आकडे काढले, पाठपुरावा केला आणि प्रकरण जनहित याचिकेने गुजरात उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये संस्थेने न्यायालयाला सांगितले की, २०२५ पासून पीएच.डी. प्रवेशात आरक्षण देऊ. २०२४ मध्ये निघालेल्या प्रवेशाच्या जाहिरातीत तसे छापूनही आले.

एवढा विरोध कशासाठी होता, हे समजून घेतले पाहिजे. पीएच.डी. ही प्राध्यापकपदाची पहिली पायरी आहे. आज जो संशोधक, तोच उद्या शिकवणार, निवड समितीवर बसणार, कोण लायक आणि कोण नालायक ते ठरवणार. २०१९ साली शिक्षकपदांच्या आरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा आयआयएम संस्थांनी आपल्याला त्यातून सूट द्या अशी मागणी सरकारकडे केली होती. कारण नेहमीचेच, गुणवत्ता आणि योग्य उमेदवारांचा तुटवडा. पेरणीच करू द्यायची नाही आणि पीक आले नाही म्हणून जमिनीला नापीक म्हणायचे, असला हा न्याय!

आता आपल्याकडे वळू. आमची मुले शिकतात, नाही असे नाही. पण संशोधनाला निघाली की मराठी, राज्यशास्त्र, समाजकार्य, फार तर कायदा. व्यवस्थापन आणि वित्त म्हणजे शेठजींचे शास्त्र, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. बाबासाहेबांनी तसे धरले नव्हते. १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. तिथल्या पगारातून पैसा बाजूला टाकून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एससी. मिळवली. पैशाचे गणित ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आणि विषयांना काय तोटा आहे? मोहफुलांचा भाव कोण ठरवतो? ऊसतोडीची उचल कोणत्या हिशेबाने कापली जाते? नंदुरबारच्या मिरची बाजारातला पैसा कोणाच्या खिशात जातो? सरदार सरोवरात बुडालेल्या मणिबेलीच्या माणसांचा तोटा कोणत्या ताळेबंदात लिहिला गेला? हे व्यवस्थापनशास्त्राचेच प्रश्न आहेत. ते विचारणारा माणूस तिथे पोहोचलेला नाही, इतकेच.

अर्जाचे म्हणाल तर गाठ अवघड नाही. पदव्युत्तर पदवी, चांगल्या गुणांची चार वर्षांची पदवी किंवा सी.ए.सारखी पात्रता चालते. अटी संस्थागणिक बदलतात. कॅट, गेट, जीमॅट, जीआरई किंवा जेआरएफ यांपैकी एका परीक्षेचे गुण बहुतेक ठिकाणी लागतात. कॅट नोव्हेंबरअखेर होते आणि अनुसूचित जाती-जमातींना तिचे शुल्क निम्मे आहे. पुढे आपल्याला कशावर संशोधन करायचे त्याचे निवेदन, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि मुलाखत. पोरे अडखळतात ती या निवेदनापाशी. तिथे घरच्या गरिबीची कहाणी लिहू नका, प्रश्न लिहा. प्रवेश मिळाला की दरमहा विद्यावेतन मिळते, हेही घरी सांगा. नाहीतर लाखोंची फी ऐकून वडील आधीच हात टेकतात. आणि अहमदाबादच कशाला? नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे. पवईची नीटी २०२३ साली आयआयएम मुंबई झाली.

कागदांची मात्र आधी सोय करा. केंद्रीय संस्थेला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण नुसता 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला तिथे चालत नाही. मूळ जातीची नोंद हवी. हा दाखला प्रांत कार्यालयातून निघतो आणि त्याला वेळ लागतो. प्रवेशाच्या जाहिराती हिवाळ्यात येतात. म्हणून ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज भरायचा आहे, त्यांनी तळोद्याची फेरी पावसाळ्यातच मारून घ्यावी. कुठे अडवणूक झाली तर आमच्याकडे या, अर्ज आम्ही लिहून देऊ.