परदेशातला पैसा : लुंबिनीला जाताना शंभराच्या नोटा

थायलंडच्या एटीएमवर कापले जाणारे २२० बाट आणि ‘रक्कम रुपयांत वळती करू का?’ हा यंत्राचा प्रश्न, हे दोन्ही विषय या आठवड्यात घ्यायचे कबूल केले होते. ते पुढच्या लेखात घेतो. मध्येच पुलगावहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो मागे ठेवण्यासारखा नाही, कारण थंडी पडू लागली की विदर्भातून बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशा धम्मयात्रा निघू लागतात. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या अनेक कुटुंबांचे पहिले परदेशगमन म्हणजे सोनौलीची सीमेवरची कमान ओलांडून लुंबिनीला जाणे हेच असते. या वाचकाने आपल्या कार्डाच्या पाठीमागची बारीक अक्षरे वाचली. तिथे लिहिले आहे की हे कार्ड नेपाळ आणि भूतानमध्ये परकीय चलनाच्या व्यवहारासाठी वैध नाही. घरातल्या दुसऱ्या, जुन्या कार्डावर मात्र नेमके उलटे छापले आहे : फक्त भारत आणि नेपाळमध्ये वैध. यातले खरे कोणते, आणि यात्रेचा आयोजक ‘थोडे डॉलर घेऊन ठेवा’ म्हणतो ते ऐकावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही ओळी खऱ्या आहेत, आणि डॉलर मात्र घेऊ नयेत. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांत नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन काढायला सरळ मनाई आहे. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवण्याची जी सवलत आपण या मालेत सविस्तर पाहिली, तीही या दोन देशांना लागू नाही. याचा अर्थ नेपाळात भारतीय कार्ड चालत नाही असा नव्हे. तिथला व्यवहार भारतीय रुपयांतच मिटला पाहिजे, डॉलर खर्ची पडता कामा नयेत, एवढाच त्या ओळीचा अर्थ. म्हणूनच केवळ देशांतर्गत वापराचे जुने कार्डही नेपाळपुरते वैध ठरत होते. डॉलर भरून घेतलेले फॉरेक्स कार्ड मात्र नेपाळात चालत नाही. बँकॉकसाठी घेतलेले असे कार्ड घरात पडून आहे म्हणून ते लुंबिनीला नेले, तर तिथे त्याचा काही उपयोग होणार नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. या मालेत आतापर्यंत जो नियम मी आग्रहाने मांडला, की नोटा कमी न्याव्यात आणि तिथे पोचल्यावर एटीएममधून एकदाच मोठी रक्कम काढावी, तो नेपाळला लागू करू नये. लुंबिनीच्या यात्रेकरूसाठी सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे वर्ध्याहून नेलेली शंभराच्या नोटांची गड्डी. नियम तोच, पण त्याच्या पोटातले कारणच नेपाळात उरत नाही. थायलंडमध्ये किंवा युरोपात नोटा महाग पडतात, कारण मनी चेंजरचा विकत घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांत मोठे अंतर असते आणि ते अंतर आपल्या खिशातून जाते. नेपाळात हे अंतर जवळपास नाहीच. १२ फेब्रुवारी १९९३ पासून १ भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. डॉलर वर गेला, रुपया घसरला, तरी हा आकडा हललेला नाही. नेपाळ राष्ट्र बँक रोज दर जाहीर करते त्यात १०० भारतीय रुपयांचा खरेदी दर १६०.०० आणि विक्री दर १६०.१५ असतो. म्हणजे दोन्हींत फरक १५ पैशांचा, टक्क्याचा दहावा हिस्साही नाही. विमानतळावर एवढ्या कमी फरकाने चलन सहसा बदलून मिळत नाही.

हा दर कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही, त्यामागे जुना व्यवहार आहे. नेपाळ राष्ट्र बँक १९५६ साली स्थापन झाली. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षे नेपाळच्या तराईत, म्हणजे लुंबिनी ज्या सपाट पट्ट्यात आहे तिथे, बाजारात भारतीय रुपयाच सर्रास चालत असे, आणि नेपाळी नाणे मुख्यतः काठमांडू खोऱ्याकडे. धर्मानंद कोसंबी बुद्धधर्माच्या शोधात १९०२ साली नेपाळात गेले, तिथे निराश झाले आणि मग सिंहलद्वीपाची वाट धरली. तेच कोसंबी, ज्यांनी जून १९४७ मध्ये आपल्या सेवाग्रामात देह ठेवला. त्यांच्या काळी तराई ओलांडणाऱ्याला चलनाच्या सीमेची जाणीवही झाली नसती. पुढे नेपाळने आपले चलन देशभर रुजवले, पण सीमेवरचा भाजीवाला, मजूर, ट्रकवाला यांची रोजची देवघेव दोन्ही नोटांत चालूच राहिली, आणि स्थिर दराशिवाय ती चालली नसती. नेपाळला आपण परकीय चलन देत नाही आणि दर बांधलेला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासातून आल्या आहेत. पैशाच्या बाबतीत नेपाळ हा अर्धाच परदेश आहे, आणि प्रवासाची तजवीजही तशीच करायला हवी.

आता एटीएमचा हिशेब मांडू. नेपाळातल्या बँका बाहेरच्या कार्डावर प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क घेतात. ते बँकेगणिक वेगळे असते, आपण हिशेबापुरते ५०० नेपाळी रुपये धरू. आपल्या बँकेचे परदेशी एटीएमचे शुल्क १२५ रुपये धरू, त्यावर १८ टक्के जीएसटी. एखाद्याने ८,००० नेपाळी रुपये काढले, तर त्यांची किंमत ५,००० भारतीय रुपये. तिथल्या बँकेचे ५०० म्हणजे आपले ३१२.५०, आणि इथल्या बँकेचे करासह १४७.५०. एकूण ४६० रुपये. ५,००० वर ४६० म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त, आणि यात विनिमयावरचा मार्कअप अजून धरलेलाच नाही. बँक तो ३ टक्के लावत असेल तर कर धरून आणखी १८८ रुपये, म्हणजे एकूण भुर्दंड ६४८ रुपये. याच्या शेजारी वाटेतल्या गोरखपूरचे एटीएम ठेवून पाहा. भारतात दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर ठरावीक मोफत व्यवहार संपल्यानंतरही १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि त्यावरचा कर एवढेच शुल्क घेता येते. गोरखपूर ते सोनौली हे काही तासांचे अंतर. त्या काही तासांचा विचार आधी केला नाही, तर २३ रुपयांच्या जागी सहाशे जातात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की एकदाच मोठी रक्कम काढली तर टक्केवारी खाली येते. येते, हे मान्य. १५,००० रुपयांच्या किमतीचे नेपाळी पैसे एकदम काढले तर ठरावीक शुल्काचा भार ३ टक्क्यांवर उतरतो. पण मार्कअप रकमेबरोबर वाढतो, आणि दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आसपास जातातच, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून थोडे अधिक. शिवाय लुंबिनीच्या यात्रेकरूला एवढ्या नेपाळी नोटा लागत नाहीत. बहुतेक यात्रा एका दिवसात, फार तर एक मुक्काम करून परत फिरतात. मायादेवी मंदिराचे तिकीट, सायकल रिक्षा, चहा-जेवण, विहारातले दान आणि घरच्यांसाठी घेतलेल्या छोट्या मूर्ती, एवढाच खर्च. त्यासाठी पंधरा हजार काढणे म्हणजे शुल्क वाचवायला नको तेवढे पैसे उचलणे. काठमांडूला आठवडाभर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने हॉटेलचे मोठे बिल कार्डाने थेट भरावे, कारण तिथे एटीएमचे ठरावीक शुल्क नसते. पण रोजच्या किरकोळ खर्चाला त्याच्यासाठीही नोटाच बऱ्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नेपाळात मोठ्या भारतीय नोटा चालत नाहीत, मग रोख न्यायची कशी? डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांवरच्या भारतीय नोटा, म्हणजे २००, ५०० आणि २,०००, बाळगायला आणि वापरायला मनाई केली. त्याआधी २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळातल्या लोकांकडे आणि बँकांकडे जुन्या भारतीय नोटा अडकून पडल्या होत्या. एकदा हात पोळलेला शेजारी मोठ्या नोटेकडे संशयानेच पाहणार. २०२५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नियम बदलून नेपाळला जाताना १०० वरच्या नोटा एकूण २५,००० रुपयांपर्यंत नेण्याची मुभा दिली आणि नेपाळकडूनही मनाई सैल झाली. तरीही मी शंभराचाच आग्रह धरतो. कायदा बदलला म्हणून चहावाल्याची सवय लगेच बदलत नाही, आणि त्याच्याकडे पाचशेचे सुट्टेही नसतात. १०० आणि त्याखालच्या नोटांवर भारतीय कायद्यात नेपाळसाठी मर्यादा नाही, आणि दुकानदाराला त्यांची भीती नाही. अडचण आहे ती नोटा मिळवण्याची. आपल्याकडची बरीच एटीएम पाचशेच्याच नोटा देतात. किमान एका कप्प्यातून १०० किंवा २०० च्या नोटा देणारी एटीएम ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के असावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे खरा, पण त्या कप्प्यात दोनशेच भरलेल्या असू शकतात. म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी वर्ध्याच्या, हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या आपल्या शाखेत जाऊन काउंटरवर शंभराची गड्डी मागावी. एका गड्डीत १०० नोटा, म्हणजे १०,००० रुपये, आणि नवरा-बायकोला लुंबिनीपुरते एवढे पुष्कळ झाले. फाटक्या, चिकटवलेल्या, पेनाने लिहिलेल्या नोटा घरीच काढून ठेवाव्यात.

रोख चोरीला जाईल ही भीती खरी आहे, आणि गर्दीच्या यात्रेत ती आणखी खरी. पण ती किती रकमेची, हे पाहावे. दहा हजारांची गड्डी घरातल्या दोघांत वाटून, त्या दिवसाचे पैसे वरच्या खिशात आणि उरलेले आतल्या पिशवीत ठेवले, तर एका खिशाला हात लागला तरी यात्रा अडत नाही. दुखणे-खुपणे किंवा बस बंद पडणे अशा प्रसंगासाठी एक कार्ड हवेच, त्याला माझा विरोध नाही. १६ मार्च २०२० पासून नवी कार्डे परदेशी वापरासाठी बंद अवस्थेतच हाती पडतात, म्हणून नेपाळसाठी ते कार्ड सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. सीमा ओलांडल्यावर भारतीय सिमला रेंज नसेल तर ओटीपी येणार नाही आणि ते कार्ड सुरू करणेही जमणार नाही.

तिसरा आक्षेप तरुण मुले घेतील : यूपीआय असताना नोटा कशाला? मार्च २०२४ पासून नेपाळातल्या ‘फोनपे’ जाळ्याच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. नाव आपल्याकडच्या ॲपसारखे वाटले तरी ती नेपाळातली वेगळी कंपनी आहे. ही सोय चांगली आहे आणि पुढे तीच नोटांची जागा घेईल असे मला वाटते. मात्र त्यासाठी ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात आणि नेपाळात इंटरनेट चालू असावे लागते. यात्रेतल्या सत्तरीच्या आजीबाईंकडे या दोन्ही गोष्टी असतीलच असे नाही. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारी रुपयांतली रक्कम आणि नेपाळी बिल भागिले १.६ ही रक्कम ताडून पाहावी. फरक दोन-तीन रुपयांचा असेल तर खुशाल द्यावे. जास्त असेल तर नोट काढावी.

आता नोटांच्या बाजूने बोलताना त्यांचाही दोष सांगायला हवा, कारण नोटांचा फायदा दुकानाच्या गल्ल्यावर सहज हरवू शकतो. सोयीसाठी काही जण १०० रुपयांचे १५० नेपाळी धरतात. तसे धरले तर सव्वासहा टक्के गेले, म्हणजे मोठी रक्कम एकदम काढून एटीएमवर जेवढे गेले असते जवळपास तेवढेच. यावर उपाय एक, पाचास आठ हे प्रमाण पाठ करणे. ५ रुपयांचे ८, ५० चे ८०, १०० चे १६०, ५०० चे ८००. हे पाठ असले की भाव उलगडायला कॅल्क्युलेटर लागत नाही आणि दुकानदारही ‘एकशे साठ’ ऐकल्यावर हुज्जत घालत नाही. दुसरा तोटा परतीचा. भारतीय नोट दिली तरी सुट्टे नेपाळी रुपयांत मिळतात, आणि ते वर्ध्यात कुणी घेत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी खिशातले नेपाळी पैसे आधी संपवावेत, जेवण आणि रिक्षा त्यांतूनच भागवावे, आणि उरलेले सोनौली ओलांडण्यापूर्वी नेपाळातल्या भैरहव्याच्या बाजूला बदलून घ्यावेत. तिथे तेच १६० चे १०० मागावेत. एवढे सांभाळले तर वर्ध्याहून लुंबिनीला जाऊन येण्यात चलनबदलापायी जाणारी रक्कम एका जेवणाच्या थाळीपेक्षा कमी राहील. कमी पैशांत, महिनोन्महिने साठवून जे ही यात्रा करतात त्यांचा एकही रुपया शुल्कात जाऊ नये, म्हणून या एका देशावर पूर्ण लेख खर्च केला. पुढच्या आठवड्यात बँकॉकचे एटीएम, त्याचे २२० बाट आणि त्याच्या पडद्यावरचा तो प्रश्न. तिथे आपला जुना नियम पुन्हा लागू होतो, आणि तो का, हेही सांगेन.