गावच्या दारी अग्निशमन बंब : निवड आणि बांधणी

रब्बीची सुगी आटोपली की मराठवाड्यातील गावांभोवती कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. खरिपाच्या अखेरीस मळणीची वाट पाहत सोयाबीनची बनीम शेतात रचलेली असते. वीजवाहिनीवरून पडलेली एखादी ठिणगी, बांधावर पेटविलेले गवत किंवा न विझविता टाकलेली विडी एवढे निमित्त पुरेसे होते आणि घटकाभरात वर्षाच्या मिळकतीची राख होते. कडबा जळाला म्हणजे केवळ वैरण जळते असे नाही. पाऊस पडेपर्यंत जनावरे जगवायची कशी, हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहतो आणि पुष्कळदा बैलजोडी बाजारात न्यावी लागते.

अशा वेळी गावकरी शहराकडे दूरध्वनी करतात. नांदेड जिल्ह्यात १६ आणि लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. अग्निशमन बंब प्रामुख्याने महानगरपालिका, नगरपालिका आणि औद्योगिक वसाहती यांच्याकडे असतात. गाव शहरापासून ४० किलोमीटर अंतरावर असेल आणि पाण्याने भरलेला अवजड बंब ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने धावला, तरी त्यास पोहोचण्यास एक तास लागतो. वाळलेली गंजी एवढा वेळ थांबत नाही. बंब येतो तेव्हा विझविण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. दोष जवानांचा नसतो. तो अंतराचा असतो.

ही स्थिती उद्भवण्यामागे एक कारण आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कार्यांमध्ये अग्निशमन सेवेचा स्पष्ट निर्देश आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र तो स्वतंत्रपणे आढळत नाही. अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना आखली. तीत महाराष्ट्रासारख्या राज्यांनी २५ टक्के वाटा उचलावयाचा होता. निधी उपलब्ध झाला म्हणजे पहिला विचार वाहन खरेदीचा होतो. म्हणूनच गावासाठी वाहन कोणते घ्यावे, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हावयास हवा.

गावकऱ्यांचे पथक

प्रत्येक मोठ्या गावी पगारी अग्निशमन दल ठेवणे व्यवहार्य नाही. यास्तव स्वयंसेवकांचे पथक हाच मार्ग उरतो. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांतील खेड्यांचे संरक्षण मुख्यतः स्वयंसेवक दलेच करतात, तर चिली देशातील अग्निशमन सेवा सर्वस्वी स्वयंसेवकांची आहे. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. गृहरक्षक दल ही स्वयंसेवी संघटना १९४६ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा बाहेरची मदत येण्यापूर्वी ढिगाऱ्याखालून माणसे काढणारे पहिले हात शेजाऱ्यांचेच होते. त्या हातांना साधन आणि शिक्षण मिळणे महत्त्वाचे आहे.

परंतु पथक स्वयंसेवकांचे असेल, तर वाहनही त्यांना पेलणारे हवे. शहरातील जुना मोठा बंब गावाला दिला की काम झाले, ही समजूत योग्य नव्हे.

मोठी टाकी की लहान गाडी?

पाणी जितके अधिक तितका बंब चांगला, असे सकृद्दर्शनी वाटते. तथापि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. ४,५०० लिटरची टाकी म्हणजे साडेचार टनांचा केवळ पाण्याचाच भार होय. असे वाहन जुन्या गावठाणातील माळवदाच्या घरांमधील बोळांत शिरत नाही आणि पावसाळी काळ्या मातीत उतरले तर रुतून बसते. भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या ५२ गावांतील रस्ते रुंद आहेत; पण सर्वच गावे तशी नाहीत. म्हणून गाडीची निवड करण्यापूर्वी गावातील सर्वांत अरुंद बोळ, सर्वांत तीव्र वळण आणि ओढ्यावरील सर्वांत कच्चा पूल पाहून घ्यावा.

चालकाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अवजड वाहन चालविण्याचा परवाना गावात थोड्यांकडेच असतो आणि ते बहुधा कामानिमित्त बाहेरगावी असतात. हलक्या मोटार वाहनाची कायद्यातील मर्यादा ७,५०० किलो एकूण वजनाची आहे. या मर्यादेतील मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ मध्ये दिला. याच मर्यादेत बंब बसविल्यास चालक सहज उपलब्ध होतात. याचा हिशेब सोपा आहे. चालककक्षासह सांगाडा २,७०० किलो, पंप, रिकामी टाकी व बांधणी १,७०० किलो, पाच माणसे ४०० किलो आणि साहित्य ५०० किलो धरले, तर बेरीज ५,३०० किलो होते. उरलेल्या २,२०० किलोंत २,००० लिटर पाणी निर्धास्तपणे बसते.

आता २,००० लिटर पाणी किती वेळ पुरेल? मिनिटाला ४५० लिटर सोडणाऱ्या मोठ्या धारेने ते साडेचार मिनिटांतच संपेल. १०० लिटर सोडणाऱ्या बारीक नळीने २० मिनिटे पुरेल. नुकत्याच पेटलेल्या घरावर बारीक नळीचा फवारा प्रभावी ठरतो. गंजीची आग मात्र आत धुमसत असते व वरचे पाणी आतपर्यंत जात नाही. तेथे प्रथम शेजारची गंजी भिजवून वाचवावी आणि मग पेटलेली गंजी दाताळ्याने उकलून विझवावी लागते. म्हणून दाताळी, कोयते व फावडी ही साधने बंबावर असलीच पाहिजेत.

पाणी कोठून घ्यावयाचे?

लहान टाकीचा बंब पाण्याच्या दुसऱ्या साठ्यावाचून अपुरा ठरतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवू शकतो आणि व्यवहारात सुमारे ७ मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने ही मर्यादा आणखी थोडी खाली येते. उन्हाळ्यात खोल गेलेल्या विहिरीच्या काठावर उभा असलेला बंब यामुळे निरुपयोगी ठरतो. विहिरीतील विजेच्या मोटारीवरही विसंबता येत नाही, कारण आगीच्या वेळी पहिले काम वीजप्रवाह बंद करण्याचे असते.

याला दोन उपाय आहेत. गावच्या जलकुंभाला बंबाची नळी जोडता येईल असे तोंड बसवावे. म्हणजे पाणी उंचावरून आपोआप टाकीत उतरेल. शिवारातील शेततळ्यांचाही उपयोग करता येतो. त्यांची खोली बेताची असल्याने दोघांना उचलता येणारा इंजिनाचा पंप तेथून पाणी सहज घेतो. मात्र नळीच्या टोकाची जाळी तरंगत ठेवावी, अन्यथा तळ्याचे प्लॅस्टिक अस्तर फाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. तेव्हा अग्निशमनासाठी राखलेला साठा वैशाखातही कायम राहील, हे ग्रामपंचायतीने पाहावे.

बांधणीतील बारकावे

अर्धी भरलेली टाकी सर्वांत धोकादायक असते. वळणावर पाणी एका अंगाला धावते व गाडी कलंडू शकते. म्हणून टाकीत आडवे-उभे भोकांचे पडदे बसवितात आणि टाकी शक्य तितकी खाली ठेवतात. क्षारयुक्त पाण्याने साधा पत्रा गंजतो. त्यामुळे गंजरोधक पोलाद अधिक टिकाऊ ठरते. पंपाच्या कळा थोड्या असाव्यात व त्यांवर मराठीत ठळक सूचना असाव्यात, कारण रात्री घाबरलेल्या माणसाला त्या हाताळावयाच्या असतात. नळ्यांची जोडणी देशातील प्रचलित ६३ मिलिमीटर मापाचीच असावी. तरच शहरातून आलेल्या बंबाची नळी गावच्या नळीस जोडता येईल. १५ मीटरच्या दहा नळ्या बरोबर असल्या, तर रस्त्यावर उभ्या गाडीतून १५० मीटर आत शेतात पाणी नेता येते.

ज्या गावाला स्वतंत्र वाहन परवडत नाही, त्याला ट्रॅक्टर आहेच. मागे जोडावयाची टाकी आणि ट्रॅक्टरच्या मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या दांड्यावर, वेग वाढविणाऱ्या गिअरपेटीमार्फत चालणारा पंप, एवढी जुळणी पुरते. चिखलातही तो शेतापर्यंत पोहोचतो आणि त्याचा चालक गावातच असतो.

खरी कसोटी

बंब खरेदी होण्याचा दिवस समारंभाचा असतो. त्याची कसोटी पुढे वर्षानुवर्षे लागते. टाकी सदैव भरलेली हवी, आठवड्यातून एकदा इंजिन व पंप चालवून पाहावा आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटांत अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. हेच दिवस मराठवाड्यात गंजींचे व उन्हाच्या कहराचे असतात. त्या सप्ताहात प्रत्येक पथकाने गावकऱ्यांसमोर एकदा टाकी भरून, नळ्या पसरून तालीम करावी. तासाभराने येणाऱ्या मोठ्या बंबापेक्षा पाच मिनिटांत येणारा लहान बंब गावाचे अधिक रक्षण करतो. मात्र त्या पाच मिनिटांची तयारी वर्षभर चालू ठेवावी लागते.