लाइपझिगचं वार्तापत्र : लेकरांना एकटं सोडताना

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात शाळा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये उघडतात, आणि पहिलीत जाणाऱ्या मुलांचा प्रवेशसोहळा शनिवारी असतो. त्या दिवशी लाइपझिगच्या ट्राममध्ये, बागांमध्ये, हॉटेलांच्या अंगणांत सहा वर्षांची मुलं नव्या कपड्यांत मिरवताना दिसतात. प्रत्येकाच्या कवेत पुठ्ठ्याचा एक रंगीत शंकू असतो, कधी कधी मुलापेक्षा थोडासाच बुटका. त्याला इथे त्सुकरट्युटे म्हणतात. आत खाऊ, रंग, गोष्टीचं पुस्तक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच सॅक्सनीत आणि शेजारच्या थुरिंगियात ही चाल पडली आणि मग देशभर गेली. बालवाडीतल्या मुलांना सांगतात की हे शंकू झाडाला लागतात आणि ते पिकले की शाळेत जायचं वय झालं. आजी-आजोबा, काका, मावश्या लांबून येतात, जेवणं होतात. घरात मुंज असावी तसा दिवस असतो तो.

आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तेच मूल पाठीवर चकाकत्या पट्ट्यांचं दप्तर घेऊन एकटं चालत शाळेत जायला लागतं.

हे मी मनमाडला फोनवर सांगितलं तेव्हा आई गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, एवढंसं पोर, आणि एकटं सोडता?" तिचा प्रश्न रास्त आहे. मनमाडकर वाचकांच्या मनातही तोच येईल, म्हणून या वेळचं पत्र त्याच्यावरच.

आधी हे सांगायला हवं की इथलं मूल एकटं दिसतं, पण त्याच्या मागे बरीच तयारी झालेली असते. पालकसभेत शिक्षिका समजावून सांगतात: सुरुवातीला मुलाबरोबर चाला, रस्ता कुठे ओलांडायचा ते ठरवा. मग मुलाला पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे राहा. मग अर्ध्या वाटेवर निरोप घ्या. वाहतूक शिकवायला पोलीस शाळेत येतात. चौथीच्या सुमारास सायकलची परीक्षा असते, तीही पोलिसांच्या देखरेखीखाली. शाळांभोवतीच्या पुष्कळ रस्त्यांवर ताशी तीसच्या वर गाडी नेता येत नाही. गाडी थेट फाटकापर्यंत आणणाऱ्या पालकांना शाळा विनंती करते की कृपा करून असं करू नका. तुमच्या गाड्यांच्या गर्दीनेच चालत येणाऱ्या मुलांना धोका होतो.

म्हणजे मुलाच्या धिटाईत पालक, शिक्षिका, पोलीस आणि नगरपालिका या सगळ्यांचा वाटा आहे. आपल्याकडे हा वाटा मोजला जात नाही. "आमचा पोरगा लाजाळू आहे हो" असं आपण म्हणतो. पण ज्या गावाच्या मधून पुणे-इंदूर महामार्गाचे ट्रक चोवीस तास धावतात, तिथल्या मुलाला रस्ता एकट्याने ओलांडायचा सराव कधी होणार? आई-वडील गाडीवरून सोडतात ते लाड म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

जर्मन लोक मुलांच्या बाबतीत जन्मतःच समजूतदार आहेत, असं मात्र कुणी समजू नये. लाइपझिगमध्येच याचा पुरावा आहे. या शहराच्या कडेने घरोघरच्या भाजी-फुलांच्या छोट्या बागा आहेत, त्यांना श्रेबर-बागा म्हणतात. हे नाव इथल्या मोरिट्झ श्रेबर या डॉक्टरचं. 1861 मध्ये तो वारला. तीन वर्षांनी त्याच्या नावाने एक संस्था निघाली, तिने मुलांना खेळायला मोकळं कुरण केलं आणि पुढे त्याच्या कडेने या बागा झाल्या. पण स्वतः श्रेबरची बालसंगोपनाची पुस्तकं वाचताना अंगावर काटा येतो. लिहिताना मूल वाकू नये म्हणून टेबलाला बसवायची पट्टी, झोपेत सरळ राहावं म्हणून पट्टे. तान्ह्या बाळाचं विनाकारण वाटणारं रडणं पहिल्यापासून मोडून काढा, म्हणजे पुढे ते कायमचं ताब्यात राहतं, हा त्याचा सल्ला. त्याचा मुलगा डानिएल पाउल मोठा न्यायाधीश झाला आणि नंतर गंभीर मानसिक आजारात सापडला. 1903 मध्ये त्याने स्वतःच्या आजाराची हकीकत छापली, तिच्यावर पुढे फ्रॉइडने 1911 मध्ये लिहिलं. वडिलांच्या शिस्तीचा या आजाराशी किती संबंध, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

श्रेबर एकटा नव्हता. 1934 मध्ये, नाझी काळात, योहाना हारर या डॉक्टरबाईंचं नव्या आयांसाठीचं पुस्तक आलं. बाळ रडलं तर उचलू नका, वेगळ्या खोलीत ठेवा, लाडाने ते घरावर सत्ता गाजवायला लागेल, अशी त्यात शिकवण. त्या लहान मुलांच्या डॉक्टर नव्हत्या, फुप्फुसांच्या होत्या. युद्धानंतर नाझी मजकूर गाळून हे पुस्तक छापलं जात राहिलं, थेट 1987 पर्यंत. या देशाने मुलांना कठोर करून कणखर बनवण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला आणि त्याची फळं भोगली. आज इथली बालवाडी मुलाच्या रडण्याकडे इतक्या गांभीर्याने बघते, त्याच्यामागे हा इतिहास आहे असं मला ठामपणे वाटतं. पूर्व जर्मनीत शाळेतली छडी 1949 मध्येच बंद झाली. नोव्हेंबर 2000 पासून तर घरातसुद्धा मारहाणीशिवाय वाढण्याचा मुलांचा हक्क नागरी कायद्यात आहे. (आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी घातली, घर अजून त्या कायद्याच्या बाहेरच आहे.)

बालवाडीत मूल रुळवायची इथली रीत मला सगळ्यांत जास्त सांगावीशी वाटते. तिला बर्लिन पद्धत म्हणतात आणि बहुतेक बालवाड्या तिच्याच आधाराने चालतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गात येऊन बसतात, तासभर. त्यांनी मुलाला खेळायला ढकलायचं नाही, स्वतः खेळात पुढाकार घ्यायचा नाही, नुसतं तिथे असायचं. मूल आधी मांडीला चिकटून राहतं, मग दोन पावलं जातं, मागे वळून बघतं, परत येतं. चौथ्या दिवशी आई मुलाला सांगून, निरोप घेऊन खोलीबाहेर जाते, इमारतीतच थांबते. मूल रडलं आणि ताईंकडून शांत झालं, तर वेळ हळूहळू वाढवतात. शांत झालं नाही, तर आईला दोन-तीन मिनिटांत परत बोलावतात आणि पुढचे काही दिवस वेगळं करायचा प्रयत्नच होत नाही. हे आठवडेच्या आठवडे चालतं. एक नियम कुणीही मोडत नाही: मूल खेळात रमलंय असं बघून गुपचूप सटकायचं नाही. आई जाते तेव्हा सांगून जाते आणि सांगितल्याप्रमाणे येते, हे मुलाला पक्कं कळल्यावरच ते दाराकडे बघायचं थांबतं.

माझी लेक या रिवाजातून गेली. मला कामावरून रजा काढावी लागली, आणि ती मिळाली.

पोहण्याचंही असंच. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पोहण्याच्या चड्डीवर इथे समुद्रघोड्याचं चित्र शिवलेलं दिसतं. काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू काढून आणणं, एवढं जमलं की ते मिळतं. 1912 मध्ये बाल्टिक समुद्रकाठी बिन्झ या गावी धक्का कोसळून माणसं बुडाली. त्या काळी पोहता येणारे थोडेच होते. पुढच्याच वर्षी आमच्या या लाइपझिगमध्ये जर्मन जीवरक्षक संघटना स्थापन झाली आणि पोहणं हा सार्वजनिक जबाबदारीचा भाग झाला. आता तिथेही उतरती कळा आहे. तलाव बंद पडताहेत, आणि 2022 च्या पाहणीत प्राथमिक शाळेतली 20 टक्के मुलं मुळीच न पोहणारी निघाली. 2017 मध्ये हा आकडा 10 टक्के होता.

पोहणं म्हटलं की मला ‘श्यामची आई’ आठवतं. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो, आई त्याला मारून विहिरीवर पाठवते आणि नंतर तीच आई त्याच्याशी मायेने बोलते. आपल्या समाजाने त्यातला मार लक्षात ठेवला. मला वाटतं, श्यामला आयुष्यभर पुरलं ते त्यानंतरचं बोलणं.

मुलं कशाने कणखर होतात या विषयावर एमी वेर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम इथे वारंवार पुढे येतं. त्या जर्मनीत जन्मल्या, अमेरिकेत गेल्या. हवाईच्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातली भांडणं, आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, आत्मविश्वासाने उभी राहिली. त्यांच्यात सापडलेल्या गोष्टींपैकी दोन आपल्या कामाच्या. एक, निदान एका मोठ्या माणसाशी घट्ट नातं. ती आजी असेल, शिक्षक असतील, शेजारीण असेल. दुसरी, घराला खरोखर गरज होती असं काहीतरी काम त्यांच्या अंगावर होतं.

मनमाडच्या माझ्या पिढीला दुसरी गोष्ट भरपूर मिळाली. वाघदर्डी धरण आटलं की नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी. टँकर आला की मुलांनी कळश्या घेऊन रांगेत पळायचं. वडील रेल्वेच्या कारखान्यात, आई घरी. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, गिरणीतून दळण आणायचं. कॉलेजची मुलं पंचवटी एक्सप्रेसने रोज नाशिकला उभ्याने जायची. सुट्टीत अंकाई-टंकाईच्या किल्ल्यांवर आम्ही मोठ्यांशिवाय चढायचो. या सगळ्याने आम्ही धीट झालो हे खरं. पण त्या रांगेत भांडण झालं, दहावीत मार्क कमी पडले, मैत्रीण बोलेनाशी झाली, तर "त्यात काय रडायचं?" यापलीकडे कुणी बोललं नाही. त्यांनाही कुणी तसं बोललं नव्हतं. आता घरी कूलर आहे, दळण पॅकेटात येतं, मुलांना क्लासशिवाय काम नाही; आणि "त्यात काय रडायचं?" तेवढं तसंच राहिलं आहे. कवाईच्या दोन्ही गोष्टी हातून गेल्या, ही काळजी मला परक्या देशात बसून जास्त वाटते.

इथलं सगळं अनुकरण करण्यासारखं नाही, हेही सांगते. चौथीच्या मध्यावर, नवव्या-दहाव्या वर्षी, सॅक्सनीतल्या मुलाच्या हातात शिफारसपत्र येतं: तू विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जा, किंवा दुसऱ्या शाळेत जा. इतकी वर्षं ज्याच्या मनाला जपलं त्याला एका कागदाने वर-खाली करायचं, हे मला मुळीच पटत नाही. त्या हिवाळ्यात घरोघरी रडारड होते. आपल्या मराठी घरांतल्या मुलांची आणखी एक अडचण असते. इथे वर्गात हात वर करून बोलण्याला गुण असतात, आणि आपली मुलं उत्तर येत असूनही गप्प बसतात, कारण मोठ्यांसमोर बोलू नये हे ती घरातून शिकलेली असतात. त्यावर उपाय जेवणाच्या टेबलावरच करावा लागतो: मुलाचं मत विचारायचं, आणि ते चुकीचं वाटलं तरी पूर्ण ऐकायचं.

जूनमध्ये मनमाडच्या बालवाड्या उघडतील. दारात रडणाऱ्या मुलाला बाईंनी ओढून आत घ्यायचं आणि आईला "तुम्ही जा, थांबू नका" म्हणायचं, हे दृश्य मला चांगलं आठवतं. एखाद्या शाळेने या वर्षी एवढंच करून बघावं: पहिले तीन दिवस प्रत्येक मुलाचं एक माणूस, आई, बाबा किंवा आजी, वर्गात बसू द्यावं. पटसंख्या जास्त असेल तर पाच-पाच मुलं करून पंधरवड्यात विभागावं. याला पैसा लागत नाही. ज्या बाईंना हे करायचं असेल त्यांना इथल्या बालवाडीचं रोजचं टिपण मराठीत करून पाठवायला मी तयार आहे. संपादकांकडे पत्ता आहे.