दिवाळीची बारमाही भेट

दिवाळी तोंडावर आली म्हणजे भाच्या-पुतण्यांस काय द्यावें, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या कुटुंबांत निघतोच. नवे कपडे तुळशीच्या लग्नापर्यंत मळतात, फटाके चार दिवसांत जळून जातात आणि मिठाईचें तर विचारूंच नये. आम्ही भिवंडीकर यंदा निराळी सूचना करितों : मुलाच्या अथवा मुलीच्या नांवें वन्यजीवनाविषयींच्या सचित्र नियतकालिकाची वर्षाची वर्गणी भरावी.

दिवाळी आणि छापील कागद यांचें नातें आपणांस नवें नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढिला, तेव्हांपासून फराळाच्या ताटाशेजारीं अंक हवाच. परंतु तो वडील मंडळींचा; मुलांच्या हातीं पडतो तो मुखपृष्ठ गळाल्यावर!

नातलगाच्या एका लहानशा कृतीनें केवढें काम होतें, याचें उदाहरण मुंबईंतच घडलें. बाल सलीम अलींनीं खेळण्यांतल्या बंदुकीनें एक चिमणी मारिली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनीं भाच्यास न रागावतां बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडिलें. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनीं पक्षी ओळखून दिला, संग्रहांतील पक्षी काढून दाखविले, आणि मुलाचें पुढील सारें आयुष्य ठरलें. त्या मानानें वर्गणी भरणें हें आजच्या मामास अगदीं सोपें आहे.

१८८३ सालीं स्थापन झालेल्या ह्याच सोसायटीचें 'हॉर्नबिल' सामान्य वाचकांकरितां निघालें. बिट्टू सहगल यांनीं १९८१ सालीं 'सँक्चुअरी' सुरू केलें आणि पुढें मुलांसाठीं 'कब' काढिलें. सारीं इंग्रजी, हा आजोबांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. त्यावर उपाय आजोबांच्याच हातीं आहे : जेवणानंतर अर्धा तास एक लेख मराठींत समजावून सांगावा. जोडीला मारुती चितमपल्ली यांचें 'रानवाटा' घरांत असावें. वनखात्यांत आयुष्य घालविलेल्या ह्या गृहस्थांनीं २०२५ सालीं देह ठेविला. रानाचे मराठी शब्द मुलांस त्यांच्याकडूनच मिळतील.

"मागांच्या खडखडाटांत आणि गोदामांच्या रांगांत राहणाऱ्या पोरांना वाघाचीं चित्रें काय करायचीं?" असें एक काकू म्हणाल्या. प्रश्न खरा आहे. गुळगुळीत पानावरचा वाघ पाहून जें मूल वऱ्हाळा तलावावरचा खंड्या ओळखीत नाहीं, त्याची वर्गणी अर्धी फुकट गेली. परंतु रान आपणांपासून तितकें दूर नाहीं. रानपिंगळा नांवाचें लहानसें घुबड १८८४ नंतर कोणास सांपडलें नव्हतें. नामशेष झालें असें पुष्कळांनीं धरून ठेविलें. ११३ वर्षांनीं, १९९७ सालीं, तें खानदेशांत शहाद्याजवळ दिसलें. आणि २०१४ सालीं तानसा अभयारण्यांत, म्हणजे आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यांत! मुंबईस पाणी पाजणारा तानसा आपण सहलीला पाहतों, पण त्या झाडींत मान वर करून पाहतो कोण? अंक आला कीं त्या महिन्यांत एक सकाळ मुलांस तलावावर नाहीं तर रानांत न्यावें, अशी अट वर्गणी देणाऱ्यानें स्वतःवर घालून घ्यावी.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पेंच आहे. वर्गणी 'कुटुंबासाठीं' म्हणून भरली कीं अंक थोरल्या काकांच्या उशाशीं जातो. म्हणून पत्त्यावर घरांतील वाचूं लागलेल्या धाकट्या मुलीचें नांव पूर्ण घालावें. पोस्टमननें तिचें नांव घेऊन हांक मारिली पाहिजे, पाकीट तिनेंच फोडलें पाहिजे. वडिलांनीं मागून वाचावें, आणि तेंही विचारून.

पहिला अंक दिवाळींतच हातीं पडेल असें नाहीं. तेव्हां भावानें भाऊबीजेच्या ताटांत वर्गणीची पावती ठेवावी. सोबत रोख ओवाळणीही थोडी ठेवावी. नाहीं तर बहीण अंक येईपर्यंत बोलावयाची नाहीं.