औंधची चित्रे औंधातच हवीत

यवतजवळच्या भुलेश्वराला श्रावणात लोटणारी गर्दी दर्शनाबरोबर भिंतींवरची शिल्पेही न्याहाळते. खेड्यात कलेची कदर नसते, हे म्हणणे तिथेच लटके पडते. साताऱ्याकडचे औंध हा दुसरा दाखला. त्या संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी 1938 साली यमाईदेवीच्या मूळपीठाच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. देवीच्या दर्शनाला निघालेला शेतकरी तिथे रविवर्मांच्या चित्रांपुढे थबकतो, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे दगडी माय-लेकरू पाहतो. (मूर पाहायला एरवी विलायत गाठावी लागते!) एवढा ठेवा आडगावी सांभाळणार कोण, ही शंका रास्तच. पण त्यावर उपाय पहारा, डागडुजी आणि एसटीच्या जादा फेऱ्या. चित्रे शहरात हलवणे नव्हे. तिथे ती शेकडो चित्रांच्या गर्दीत हरवतील. यमाईला जाल तेव्हा तासभर हाताशी ठेवा.